पल्टनबांधीतली हाक

बिगुलाला बटणं नसतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुठंही गेलो तरी पहिला प्रश्न हाच येतो, "काका, दाबायचं कुठं?" कुठंच नाही बाप्पा! पितळेची नळी, तिला दोन वेढे, एका बाजूनं तोंड लावायचं. नुसती हवा फुंकली तर फुस्स होतं आणि बघणारे हसतात. ओठ आवळून थरथरवले की सूर निघतो. जास्त आवळले की वरचा, सैल सोडले की खालचा. असे पाच-सहा सूर, बस्स. तेवढ्यावर फौजेचा अख्खा दिवस चालतो. उठा, कवायतीला या, जेवायला या, आग लागली, झोपा, सगळं बिगुलच सांगतो. जवानाला घड्याळ नसलं तरी चालतं, कान पाहिजे.

मी फौजेत बिगुलर होतो. रिटायर होऊन गावी आलो तेव्हा गोंदिया नुकताच भंडाऱ्यातून वेगळा निघाला होता. नव्या जिल्ह्याला नवे साहेब मिळाले, नव्या पाट्या लागल्या, पण बिगुलर कुठून आणणार? कुण्या जवानाला मानवंदना द्यायची असली की बिगुलर बाहेरून यायचा. एकदा त्याची गाडी चुकली आणि माझं नाव कुणीतरी सुचवलं. गेलो, वाजवलं, आणि तेव्हापासून सालेकसा ते केशोरी, जिल्ह्यात कुठंही फौजी माणूस गेला की निरोप माझ्या दारात येऊ लागला. आमचं घर पोवाराचं, धानाची शेती. मी भरती झालो तेव्हा बाबा म्हणाले होते, "पोवाराचा पोरगा आन् पिपानी फुंकते!" तेच बाबा म्हातारपणी पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या पोराशिवाय जिल्ह्यात कोनाले शेवटची सलामी भेटत नाही." आता त्यात कौतुक किती आणि धमकी किती, ऐकणाऱ्यानं ठरवावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मानवंदनेच्या दिवशी उठायचं आणि फुंकायचं. तसं नसतं. ओठ रोज राबवावा लागतो, पैलवान मांड्या राबवतो तसा. चार दिवस खंड पडला की ओठ मऊ पडतो आणि वरच्या सुराला दगा देतो. म्हणून मी रोज सकाळी गावाच्या बोडीवर जायचो. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, धानाला पाणी द्यायला बांधलेलं. तिच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहून पाण्याच्या दिशेनं फुंकलं की आवाज दूर जातो. पहिल्या महिन्यात गाव माझ्या नावानं शंख करत होतं. माझी बायको कांता सांगत यायची, "तुमच्या बाज्यानं म्हशी दूध चोरून राहिल्या, लोकं बोंबलून राहिले." पुढं पुढं असं झालं की मी तापानं पडून राहिलो तर लोक घरी यायचे, "काऊन जी, आज वाजवलं नाही? पोट्टे शाळेत उशिरा गेले."

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. गोंदियाच्या एका बँडवाल्यानं लग्नसराईभर चल म्हणून गळ घातली. "उस्ताद, घोडी के आगे खाली एक बार बजा देना, पब्लिक पागल हो जाएगी." एका पुढाऱ्याला पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाला बिगुल हवा होता. मी विचारलं, "कोणता कॉल वाजवू?" तो म्हणाला, "तो तुमचा फेमसवाला, शहिदांचा." मी म्हटलं, "साहेब, तो वाजवला तर तुमचा पंप त्याच दिवशी बंद पडला समजा." पुन्हा त्यानं मला बोलावलं नाही.

एकदा सालेकशाच्या जंगलपट्ट्यात एका माजी जवानाची अंत्ययात्रा होती. मैदानाच्या कडेला मोठं अर्जुनाचं झाड, त्यावर आग्या मोहोळ. कुणी वर पाहिलंच नाही. बंदुकीच्या तीन फैरी झाल्या आणि माश्या उठल्या. साहेब, सरपंच, पुढारी, सगळे धोतर-पँट सांभाळत धानाच्या बांध्या तुडवत पळाले. मी अर्ध्या कॉलमध्ये होतो. अर्ध्यावर बिगुल तोडणं म्हणजे झोपवता झोपवता माणसाला पाळण्यातून टाकून देणं. मी डोळे मिटले आणि पूर्ण केलं. वरच्या ओठाला दोन डंख बसले, तो एवढा सुजला की आठवडाभर भात चमच्यानं खाल्ला. त्या घरची म्हातारी मात्र अजून मला भाऊबीजेला बोलावते. तेव्हापासून कुठंही गेलो की मी आधी झाडं बघतो, मग व्हीआयपी.

आता तो 'शहिदांचा' कॉल काय असतो ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. त्याला लास्ट पोस्ट म्हणतात. मुळात ते रडगाणं नाही. छावणीत दिवस संपला, पहारे लागले, आता निजा, एवढाच त्याचा अर्थ. तोच कॉल गेलेल्या शिपायासाठी वाजवतात. मग सगळे मान खाली घालून गप्प उभे राहतात. त्या शांततेनंतर बिगुलर सकाळचा उठण्याचा कॉल वाजवतो. का? आमचे उस्ताद म्हणायचे, शिपाई झोपला तरी त्याचं नाव जागं राहतं म्हणून. मी ते ऐकलं आणि पाठ केलं. फौजेत जास्त विचारायचं नसतं.

विचारणारी भेटली ती पल्टनबांधीत.

केशोरीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला एक टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लोक फोटो काढायला येतात आणि कुंपण मोडून जातात अशी गावाची तक्रार आहे. वस्ती बहुतेक बौद्धांची. या टोल्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली, आणि त्यातली कितीतरी समुद्रापलीकडच्या लढायांत राहिली. कुणी बसऱ्याला, कुणी ब्रह्मदेशात, कुणी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या वाळूत, कुणी इटलीत, आणि अगदी अलीकडचा एक श्रीलंकेत. कुणाचाच देह परत आला नाही. या गावात मेलेल्याला पुरतात, पण पुरायला माणूसच नाही तर काय करायचं? तेव्हा जुन्या लोकांनी धानाची एक चांगली पिकती बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, सोडून दिली आणि एकेकाच्या नावाचा दगड तिथं उभा केला. तीच पल्टनबांधी. शेजारच्या बांध्यांत नांगर फिरतो, हिच्यात कधी फिरला नाही. दूरदेशी फौजी स्मशानभूमी असतात, त्यांचं गवत म्हणे माळी कातरतात. आमच्याकडचं गवत गावच्या बाया विळ्यानं काढतात आणि दगडांना चुना लावतात. धान घरी आलं की एका रविवारी सगळं गाव तिथं जमतं, पंचशील म्हणतं, मेणबत्त्या लावतं.

हे सगळं सांभाळायचे गोविंदराव सुभेदार. स्वतः त्याच गावचे, पेन्शनर, मिशा अजून ड्यूटीवर असल्यासारख्या ताठ. त्यांनीच मला पहिल्यांदा बोलावलं. मी वाजवलं, आधी झोपण्याचा, मग उठण्याचा. कार्यक्रम संपला आणि मी बिगुल पुसत होतो, तर एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. हाडं तेवढी उरलेली, पण आवाज खणखणीत.

"का गा बाजेवाल्या, आत्ताच तं झोपवलंस त्याइले. मंग लगेच काऊन उठवून राहिला?"

"आजी, तो कॉलच तसा असते."

"असते म्हंजे? एवढ्या दुरून थकून-भागून पडले लोकं. झोपू देन जरा."

मी सुभेदारांकडं बघितलं. ते मिशीत हसत म्हणाले, "ही सगुना आजी. हिच्यासमोर आमचा कमांडिंग ऑफिसरही अटेन्शनमध्ये राहिला असता."

त्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली होती. दगडांची रांग सरळ, फौजेच्या हिशोबानं बरोबर अंतरावर. पण मधेच एका दगडाची जागा मोकळी. तोंडातला एक दात पडावा तशी. परत येताना सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, "ती सगुना आजीच्या मालकाची जागा. शिपाई सुखदेव. मिसरमध्ये गेला. त्याचा दगड लागला नाही."

"काऊन?"

"हाक नाही झाली म्हणून."

तेव्हा मला पल्टनबांधीची रीत कळली. इथं नुसता दगड आणून रोवत नाहीत. आधी खड्डा करतात. मग ज्या बाईच्या हातचं तो माणूस जेवायचा, ती ताट वाढून आणते, खड्ड्यापाशी उभी राहते आणि मोठ्यानं त्याचं नाव घेऊन हाक मारते, जेवायला ये म्हणून. मग ताटातला भात खड्ड्यात ओततात, माती लोटतात आणि वर दगड उभा करतात. त्या एकेका दगडाखाली माणसाऐवजी भात आहे. छप्पन साली गावानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हा जुन्या पूजाअर्चा, अंगात येणं, सगळं सोडलं. हाक तेवढी ठेवली. गावानं बसून ठरवलं की ही काही पूजा नाही, आपल्या माणसाला जेवायला बोलावणं आहे, त्यात कुठला देव आला?

बाकीच्यांच्या आयांनी हाका मारल्या. कुणाच्या बहिणीनं मारली. सुखदेवला मागंपुढं कुणी नव्हतं, एकट्या चुलत्यानं वाढवलेला. त्याला जेवू घालणारी एकच, त्याची बायको. आणि बायको नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"पण आता तर तसं काही पाळत नाही तुम्ही," मी म्हटलं.

"आम्ही नाही पाळत. तिची जीभ पाळते," सुभेदार म्हणाले. "मीच सांगितलं होतं, काकी, आता कायचा दोष, घ्या नाव. आली ताट घेऊन. सगळं गाव उभं. तोंड उघडलं, आवाजच निघेना. तशीच उभी राहिली बिचारी. मंग ताट घेऊन घरी गेली. दुसऱ्यानं हाक मारतो म्हटलं तं अंगावर धावून आली."

त्यानंतर दरवर्षी मी तिथं जायचो. दरवर्षी सगुना आजी मला उठण्याच्या कॉलवरून झापायची, आणि दरवर्षी ती मोकळी जागा तशीच असायची. बायांनी बाकी दगडांबरोबर त्या रिकाम्या जागेभोवतीही चुन्याची रेघ ओढलेली असायची.

मग माझाच घात झाला. केशोरीहून येताना जंगलाच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. गाडी एकीकडं, मी एकीकडं, आणि वरचे समोरचे दात डांबरावर. हात मोडला असता तर चाललं असतं, पाय मोडला असता तरी. बिगुलरचे समोरचे दात गेले म्हणजे सुताराचा हात गेला. ओठाला मागून टेकू दातांचाच असतो. गोंदियाला कवळी करून घेतली. डॉक्टर खुशीत म्हणाले, "बाबूजी, अब आप भुट्टा भी खा लोगे!" मी म्हटलं, "भुट्टा नहीं डॉक्टर साहब, बिगुल." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू डोक्यालाही मार लागलाय का, हे तपासायचं राहून गेलं.

कवळी लावून बोडीवर गेलो. पहिल्याच जोरकस सुराला कवळी सुटली आणि बिगुलाच्या तोंडावर खट्ट आपटली. कांता कपडे धूत होती, ती हसून हसून पाण्यात बसली. मी बिगुल कापडात गुंडाळून आढ्याला टांगला. जिल्ह्यात मानवंदना आता मोबाईल स्पीकरला लावून व्हायला लागल्या. एका ठिकाणी तर ऐन लास्ट पोस्टमध्ये कुणाचा तरी फोन आला आणि स्पीकरवर नाचाचं गाणं वाजलं. मला हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. राग कुणावर काढायचा, डुकरावर?

अशात सुभेदारांचा निरोप आला, सगुना आजीनं बोलावलंय, या. गेलो. म्हातारी अंगणात खाटेवर बसली होती, बाजूला सुभेदार. प्रकृती खालावलेली दिसत होती. पाणी झालं, चहा झाला, मग ती मुद्द्यावर आली.

"यंदा धान घरी आलं. पुढच्या साली मी असीन का नाही, कोनाले मालूम. त्याचा दगड लावाचा आहे."

"लावू ना आजी. पण हाक?"

"तेच तं सांगून राहिली. ऐक."

आणि त्या म्हातारीनं मूठ तोंडाशी धरली, गाल फुगवले आणि बोळक्या तोंडानं 'पुंग पुंग पुपुंग' असं काहीतरी वाजवलं. मला आधी हसू आलं. तिनं पुन्हा वाजवलं. या वेळी मी उभाच राहिलो. तो कॉल होता! आमचा लंगरचा कॉल, जेवणाचा, जसाच्या तसा. शिपाई थाळी घेऊन रांगेला धावतात तो. माझ्या जन्माआधीचा शिपाई, त्यानं आपल्या बायकोला मूठ फुंकून दाखवलेला कॉल, आणि एका सुराचाही फरक नाही. खरं सांगतो, माझ्या धंद्याचा एवढा गर्व मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

"हे येते का तुह्या बाज्यात?" तिनं विचारलं.

"येते आजी. हा जेवनाचा कॉल आहे."

"मले मालूम आहे कायचा आहे. सुट्टीवर आला का वावरातून येऊन अंगणात असाच वाजवे. म्हंजे समजाचं का वाढ. बोलून मांगाची लाज ना त्याले, नवीन लगन होतं." "जाच्या दिवशीही वाजवला. भात शिजूनच राहिला होता. म्या म्हटलं थांबा थोडसे. तं आगगाडी थांबते का कोनासाठी? हसत गेला. आल्यावर जेवतो म्हणे."

मी म्हटलं, "आजी, लग्नात उखाण्यात तर घेतलं असेल ना नाव? तसंच घ्या."

"तवा सगळे हसून राहिले होते. हे काय हसाचं काम आहे का? माह्यानं नाव घेणं होत नाही. पण त्यानं मले जशी हाक मारली तशी मी त्याले मारीन. माह्या तोंडात दम नाही, तू मार. माह्या वाटची."

आता मी पडलो फौजी. मी सरळ म्हटलं, "आजी, असं नाही करता येत. लंगरचा कॉल लंगरला. स्मशानात नाही वाजवत."

"स्मशान कोनतं?" म्हातारी कडाडली. "कोन गाडलं आहे तिथं? भातच तं आहे!"

मी सुभेदारांकडं बघितलं, तर ते माझ्याहून कडक. बाहेर आल्यावर म्हणाले, "शहिदांच्या जागेवर लंगरचा कॉल? पल्टनमध्ये असतो तं क्वार्टर गार्डमध्ये कोंडलं असतं दोघाइले. बाहेरगावचे पेन्शनर येतात, मेडल लावून. हसतील लोकं. आन् म्हातारीची फजिती होईल ते वेगळीच. एकदा झाली तेवढी पुरे." मी म्हटलं, "सुभेदार साहेब, आधी माझी कवळी टिकते का ते बघू. मग क्वार्टर गार्डचं बघू."

पण मनातून मी ठरवून टाकलं होतं. घरी आलो, आढ्यावरून बिगुल काढला. कांतानं विचारलं, "काऊन जी?" मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. कांतानंही माझं नाव कधी घेतलं नव्हतं आणि मलाही कधी ते जाणवलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मंग शिका ना पुन्हा. दात गेले, फुफ्फुस तं आहे."

लंगरचा कॉल ऐकायला सोपा, वाजवायला अवघड. लास्ट पोस्ट लांब श्वासाचा, हळू चालणारा. हा उड्या मारत जाणारा. जिभेचे ठोके पटापट पडावे लागतात, आणि प्रत्येक ठोक्याला कवळी हलते. शेवटी मी बिगुल तोंडाच्या मधोमध न धरता डाव्या बाजूला, जिथं माझे स्वतःचे दात शिल्लक होते तिथं धरायला लागलो. तोंड वाकडं दिसायचं. उस्तादांनी बघितलं असतं तर कानाखाली वाजवली असती. आधी नुसते ठोके, मग खालचे सूर, मग वरचा. बोडीवर माझा जेवणाचा कॉल ऐकून गावातले कुत्रे पाळीवर येऊन बसायला लागले. हळूहळू सूर सरळ झाला. पूर्वीसारखा नाही, पण हाक म्हणून पोचेल एवढा.

तो रविवार उजाडला. पल्टनबांधीत दगड चुन्यानं पांढरे झालेले. त्या मोकळ्या जागेत खड्डा, शेजारी नवा दगड आडवा ठेवलेला, त्यावर 'शिपाई सुखदेव, मिसर' कोरलेलं. आसपासच्या गावांतले पेन्शनर कोट, टोपी, मेडल लावून रांगेत उभे. पंचशील झालं. मग सगुना आजी आली. तिला दोघींनी धरलं होतं, पण ताट तिनं स्वतःच्या हातात धरलं होतं. चिन्नोर तांदळाचा भात, वाफ निघणारा, बाजूला झिंग्याची चटणी. आणि तिच्या मागून चार बाया भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, उचलून आणत होत्या. एका माणसाला एवढा भात कशाला, मला कळेना. सुभेदारांनाही कळलेलं दिसेना.

ती खड्ड्यापाशी उभी राहिली. ओठ हलले. मला वाटलं, घेते की काय नाव. पण नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हनुवटी हलवली.

मी सुभेदारांकडं न बघता बिगुल तोंडाला लावला. डाव्या बाजूला. मनात म्हटलं, कवळे, आज तेवढी राहा बाई. आणि फुंकला.

कॉल निघाला. उड्या मारत निघाला, शेजारच्या कापलेल्या बांध्यांवरून गेला, जंगलावर आपटून परत आला. कवळी जागची हलली नाही. दोनदा वाजवला. रीत तीनदा हाक मारायची म्हणून तिसऱ्यांदाही वाजवला.

पेन्शनरांच्या रांगेत चुळबुळ झाली. हा कॉल ज्यानं फौजेत ऐकलाय त्याचे पाय आपोआप हलतात, मेंदूला विचारत नाहीत. मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या हवालदारानं नकळत दोन पावलं पुढं टाकली, मग लाजून थांबला. कुणीतरी खुदकन हसलं. सुभेदारांचा चेहरा लाल. मला वाटलं, झाली फजिती.

सगुना आजीनं ऐकलं. ती वळून म्हणाली, "हसू द्या. तोही हसतच गेला."

मग तिनं ताट वाकडं केलं आणि भात खड्ड्यात ओतला. चटणीही ओतली. बोटानं ताट पुसून शेवटचं शीतसुद्धा खाली टाकलं. "गरम आहे," एवढंच म्हणाली, खाली बघून.

आणि तेव्हा गोविंदराव सुभेदार रांगेतून बाहेर पडले. मला वाटलं, माझ्याकडं येतात. ते माझ्यासमोरून गेले, त्या गंजापाशी जाऊन आजीसमोर उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"काकी, पल्टनमध्ये कोनी एकटा जेवत नाही. कॉल झाला का सगळी लाइन जेवते." आणि मागं वळून असे ओरडले की झाडावरची पाखरं उडाली, "लाइन बना!"

मेडल लावलेले म्हातारे एकामागं एक रांगेत आले. मोहाच्या पानांच्या पत्रावळी निघाल्या. म्हणजे म्हातारीनं सगळं आधीच ठरवलं होतं. फौज कशी जेवते हे तिला नवऱ्यानं सांगितलेलं असणार. तिला उभं राहवत नव्हतं, पण पळी तिनं कुणाला दिली नाही. एकेकाला स्वतः वाढलं. प्रत्येकाला विचारलं, "पुरे का?" फौजी माणूस पुरे म्हणत नाही, त्यामुळं गंज खाली होत गेला. मीही बिगुल काखेत मारून रांगेत लागलो. माझी पाळी आली तेव्हा तिनं माझ्या वाकड्या तोंडाकडं बघून दोन पळ्या जास्त वाढल्या.

दगड उभा राहिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी सावकाश. ओठ हलत होते. आवाज आला नाही आणि कुणी कान दिला नाही. दगडांची रांग पहिल्यांदाच पूर्ण दिसत होती.

मग सुभेदारांनी इशारा केला आणि मी लास्ट पोस्ट वाजवला. वरचा सूर जरा फाटला, हे इथं कबूल करतो. सुभेदारांनाही कळलं असणार. पण मी आयुष्यात जितक्यांदा तो कॉल वाजवला त्यात इतकी शांत बांधी कधी पाहिली नाही. सगळे मान खाली घालून उभे. सगुना आजी दगडाला टेकून बसली होती, मांडीवर गंजाच्या तळाचा उरलेला भात घेऊन. ती आता जेवत होती. सगळ्यांच्या नंतर, हळूहळू, एकेक घास.

शांततेची वेळ संपली. आता उठण्याचा कॉल. सुभेदार माझ्याकडं बघायला लागले. मी बिगुल उचलला, म्हातारीकडं पाहिलं आणि परत खाली केला. सुभेदारांनी भुवया वर केल्या, म्हणजे काय झालं, कवळी का?

मी नाही म्हणून मान हलवली. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "राहू द्या साहेब. आत्ताच जेवून झोपला आहे तो."